ताराचंदच्या पायांवरचा पट्टा

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही. आई होती तेव्हा आईजवळ नाही. पौर्णिमेला विहारात डोळे मिटून बसतो, तिथंही हे जवळ यायला लागलं की मी डोळे उघडतो आणि भिंतीवरचं घड्याळ पाहतो — जणू मला कुठं जायचं आहे.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही जात. तीन कागद फाडले. हा चौथा.

मी राइस मिलमध्ये फिटर आहे, अर्जुनी मोरगावजवळ. लोक मला मिस्त्रीच म्हणतात. नावानं हाक मारणारे आता थोडे उरले. मिलमध्ये फिटरच्या शब्दाला काय वजन असतं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या वजनावरच उभं आहे. मोटारीचा पट्टा पुलीवर चढवताना माझे हात आत असतात. बटण दुसऱ्याच्या हाताखाली, भिंतीपलीकडे. त्याला मी दिसत नाही. म्हणून रीत अशी — पट्टा चढवायचा, हात बाहेर काढायचे आणि ओरडायचं, "लागला!" तिकडून त्यानं म्हणायचं, "लागला!" मगच बटण. मध्ये कोणी येऊन पाहत नाही, कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. फिटर म्हणाला लागला, म्हणजे लागला. इतक्या वर्षांत मी मिलमध्ये एकदाही खोटं ओरडलो नाही.

मिलमध्ये नाही.

ताराचंद माझ्याहून सहा वर्षांनी लहान. एकाच वस्तीतले आम्ही. एकोणीसचा असताना तणसानं भरलेल्या ट्रॅक्टरवरून पाठीवर पडला, तेव्हापासून कंबरेखाली त्याला काही समजत नाही. पाय आहेत, पण मुंगी चावली तरी त्याला पत्ता नाही. पुढं अपंगांच्या कोट्यातून बस स्टँडजवळ त्याला एसटीडीचं बूथ मिळालं. हातानं पायडल मारायची तीनचाकी, पिवळं बूथ, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणा. कोणी पोरीला फोन करायला आलं की ताराचंद म्हणायचा, "बोल गा सावकाश, मी कानानं बी अपंग आहो." असा माणूस.

आणि आमच्याकडं बर्फावरची हॉकी आली कुठून, असं तुम्ही विचाराल. या धानाच्या मुलखात बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला. बाकी कुठला?

ती आणली हवालदार काकांनी. सडक अर्जुनीचे. सैन्यात असताना बरीच वर्षं लेहकडं होते. तिथं हिवाळ्यात तलाव गोठतो आणि जवान त्यावर आइस हॉकी खेळतात. काका गोलकीपर होते. पायाची दोन बोटं थंडीनं गेली, ती ते सगळ्यांना कौतुकानं दाखवत. निवृत्त होऊन परत आले आणि एक दिवस ताराचंदच्या बूथवर फोनसाठी थांबले. त्याचे दंड पाहत राहिले. मग म्हणाले, बाहेरच्या देशांत पाय नसलेले लोक हाच खेळ पाट्यावर बसून खेळतात. दोन हातांत दोन आखूड काठ्या, एका टोकानं बर्फ रेटायचा, दुसऱ्या टोकानं चकती मारायची. मेसच्या टीव्हीवर त्यांनी पाहिलं होतं. ताराचंद म्हणाला, "आना मंग बर्फ." काका म्हणाले, "बर्फ बाद में. पहले पाटा."

पाटे मी केले. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही — खरं तर हेच पुढं मला जास्त टोचलं. चाकांच्या जागी मिलच्या जुन्या बेअरिंगा, वर सागाच्या फळ्या, पुढं पाय ठेवायला आडवी पट्टी, नडग्यांवरून बांधायला कॅनव्हासचा पट्टा आणि बक्कल. धान वर चढवणाऱ्या एलेव्हेटरच्या फाटक्या रबरी पट्ट्यातून चकत्या कापल्या. काठ्यांच्या टोकाला टायरचे तुकडे ठोकले. मैदान म्हणजे मिलच्या मागचं सिमेंटचं पटांगण, जिथं उसना, म्हणजे उकडलेला धान सुकवतात; वर्षानुवर्षं बायांच्या तळव्यांनी आणि लाकडी फावड्यांनी घासून गुळगुळीत झालेलं. चकती अडायची म्हणून त्यावर बारीक कोंडा भुरभुरला. कोंड्यात तेल असतं. चकती अशी सरकू लागली की काका बघतच राहिले आणि म्हणाले, "ये तो साला गोंदिया का बर्फ है."

रविवारी मिल बंद. रविवारी खेळ. आठ जण जमले — बहुतेक पोलिओचे, एक रेल्वे फाटकावर पाय गमावलेला. शेठ आधी नाही म्हणाले, मग स्वतः खुर्ची टाकून बसायला लागले.

एकदा काकांनी मासळीवाल्याकडून बर्फाची अख्खी लादी आणली, भुशात गुंडाळून. खरा बर्फ कसा असतो ते हातांना कळू दे म्हणाले. सगळ्यांनी हात लावून पाहिले. ताराचंदनं दोन्ही तळवे टेकवले आणि कोण आधी काढतो याची शर्यत लावली. जिंकला. मग हसत हसत आपला डावा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि लादीवर ठेवला. "याले आन् बर्फाले काई फरक नाई," म्हणाला. "दोघंबी थंडे."

काकांनी तो पाय झटकन खाली घेतला. पहिल्यांदाच मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. ते म्हणाले, तिकडं बर्फावर असा पाय पाच मिनिटं राहिला तर जातो, आणि तुला पत्ताही लागणार नाही. पोलिओवाल्यांना लागलेलं कळतं. तुला कळत नाही. "जहाँ खुद को पता नहीं चलता, वहाँ दूसरे की आँख चाहिए."

मीच पुढं झालो. कोणी सांगितलं नव्हतं. म्हणालो, "ताराचंद, तुझे पाय मी पाहत जाईन." आणि मिलची रीत मैदानावर आणली: त्याचे पाय पट्टीवर ठेवायचे, पट्टा बक्कलातून ओढायचा, दोन बोटं घालून पाहायचं आणि ओरडायचं, "बांधला!" त्यानं म्हणायचं, "बांधला!" मग काका शिट्टी मारणार. बाकीचे आपापले पट्टे आपण बांधत. ताराचंदचा मी.

दोन वर्षं असं चाललं. मग लेहकडून काकांच्या ओळखीच्या माणसाचं पत्र आलं. येत्या हिवाळ्यात बसून खेळणाऱ्यांसाठी तिथं पहिल्यांदाच शिबिर होणार होतं, गोठलेल्या तलावावर. आमच्याकडून दोन जण घेणार. त्याआधी एप्रिलमध्ये एक पाहुणे येऊन खेळ पाहणार. दोघांतला एक कोण, यावर वाद नव्हता. ताराचंदनं बूथवर उन्हाळ्यातच लोकरीची टोपी आणून ठेवली. गिऱ्हाईक विचारायचं, काऊन जी, ताप आला का? तो म्हणायचा, "नाई. बर्फावर जाऊन राहिलो."

इथपर्यंत लिहिताना हात चालत होता. आता अडतो.

पाहुणे सकाळी आठला येणार होते. गाडी उशिरा, रस्ता खराब — यायला अकरा वाजले. एप्रिलचं ऊन. पटांगणावर अनवाणी पाय टेकवत नव्हता. काका म्हणाले, संध्याकाळी खेळू. पाहुण्यांना दुपारीच परत निघायचं होतं. मग खेळायचं ठरलं. माणसं पाट्यावर बसलेली, जमिनीला कोणाचं अंग लागत नाही, हातात मोजे — काय होणार?

मी ताराचंदचे पाय पट्टीवर ठेवले. पायांत सुती मोजे होते. पट्टा नडग्यांवरून घेतला. तेवढ्यात शेठनी हाक मारली, "मिस्त्री, फोटोला या! पाटे तुम्ही केले ना!" फोटोग्राफर तिवईवर कॅमेरा लावून उभा. पाहुणे हसून माझ्याकडं बघत होते.

मला त्या दिवसापर्यंत कोणी फोटोला बोलावलं नव्हतं. लग्नातला सोडला तर माझा एकही फोटो नव्हता. हे मी का सांगतोय? कारण म्हणून नाही. तसं झालं एवढंच.

पट्टा मी नडग्यांवर नुसता टाकला. टोक बक्कलात घातलं नाही. उठता उठता ओरडलो, "बांधला!" आणि मागून ताराचंदचा आवाज आला, "बांधला!"

फोटो निघून मी वळलो तोवर शिट्टी झाली होती.

वीस मिनिटांचा डाव. ताराचंद त्या दिवशी असा खेळला की पाहुणे खुर्चीवरून उठून कडेला येऊन उभे राहिले. मध्यंतराची शिट्टी झाली. तो धापा टाकत माझ्याकडं आला आणि म्हणाला, "पाटा जड चालून राहिला जी आज. डावी बेरिंग पाह्य त."

मी वाकलो नाही. धान पसरणाऱ्या बायांमधली एक सगुणाबाई कोंडा सारखा करायला झाडू घेऊन मध्ये गेली होती. ती थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, "हे रगत कोनाचा वो?"

कोंड्यावर लाल रेघ होती. एक नाही. पटांगणभर. वळणं घेत, गोलपर्यंत गेलेली, परत आलेली, एकमेकींना छेदणारी. ज्यानं ती पाहिली तो आधी आपल्याच अंगाकडं बघायला लागला. आठही जण हात, कोपरं, गुडघे चाचपू लागले. आणि ताराचंद — तोही मान उंच करून इकडंतिकडं बघत होता, चेहऱ्यावर काळजी. त्यानं विचारलं, "कोनाले लागला गा?"

हे वाक्य मी अजून ऐकतो. तो दुसऱ्याची विचारपूस करत होता, आणि त्याच्या डाव्या पायाची टाच त्याच्याच पाट्याखाली, तापल्या सिमेंटवर टेकलेली होती. मोजा केव्हाच फाटून गेला होता. मोज्याखालचंही. आत पांढरं दिसत होतं. मी आधी समजलो कोंडा चिकटला आहे.

पाहुण्यांनी चष्मा काढला आणि हातातच धरून उभे राहिले. शेठ खाली बसले. मला माझे हात दिसत होते, पण ते माझे आहेत असं वाटत नव्हतं. काकांनी आपला गमछा फाडून टाच गुंडाळली, मग मान वर करून माझ्याकडं पाहिलं. ओरडले नाहीत. हळू विचारलं, "बाँधा था?"

आता तुम्हीच सांगा, किती वेळ असतो अशा वेळी माणसाजवळ? एक श्वास? तेवढा पुरेसा असतो. मला पुरला.

मी म्हणालो, "बांधला होता. तुमी ऐकला ना? यानंच ढिला केला असन."

सगळ्यांनी ताराचंदकडं पाहिलं. त्यानं आपल्या हातांकडं पाहिलं. मोजे घातलेले हात उलटेसुलटे केले, जणू त्यांनी काय केलं ते त्यांच्यावर लिहिलेलं असेल. मग म्हणाला, "असन. माझाच हात लागला असन. मले समजत नाई ना."

दुसऱ्या कोणाशी मी असं खोटं बोललो असतो तर त्यानं म्हटलं असतं, नाही, मला आठवतं, पट्टा सैलच वाटत होता. ताराचंद काय म्हणणार? त्याच्या पायांवर पट्टा आवळलेला होता की नुसता पडला होता, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. तो माणूस मी होतो, आणि त्यानं मला विचारलंसुद्धा नाही.

टाच भरली नाही. समजत नाही त्या अंगाची जखम भरायला फार वेळ घेते, असं डॉक्टर म्हणाले. पावसाळ्यात ती सडली. नागपूरला गुडघ्याखालून पाय काढला. मी सोबत होतो. पंधरा दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपलो, डबे आणले, चादरी धुतल्या. वस्तीत लोक म्हणाले, भाऊ असावा तर मिस्त्रीसारखा. मी ऐकून घेतलं. ताराचंद शुद्धीवर आला, सपाट चादरीकडं पाहिलं आणि म्हणाला, "तसा बी कामाचा नवता." मग तोंड भिंतीकडं केलं. मी पाहिलेलं त्याचं रडणं तेवढंच, आणि तेही पाठमोरं.

हिवाळ्यात काका दुसऱ्या दोघांना घेऊन गेले. त्यातल्या एकानं परत येताना तलावाचा बर्फ बाटलीत भरून आणला. इथं येईपर्यंत पाणी झालेलं. ताराचंदनं बूथमध्ये बाटली उजेडासमोर धरली, झाकण काढलं आणि गटागट पिऊन टाकली. म्हणाला, "पानीच आहे." लोकरीची टोपी त्या बाटली आणणाऱ्याला देऊन टाकली. ताराचंद बर्फावर कधीच गेला नाही. पुढं शिबिरं झाली, पण त्याचं वय निघून गेलं, दुसऱ्या पायालाही जखमा होऊ लागल्या.

खेळ मात्र त्यानं सोडला नाही. शिकवायला लागला. काका वारल्यावर शिट्टी त्याच्याकडं आली. मोबाइल आले, बूथ बंद झालं, आता तिथं तो रिचार्ज करतो. रविवारी पटांगणावर असतो. पाटे अजून माझेच. पट्टेही — पायाला समजत नाही अशा प्रत्येकाचा पट्टा मिस्त्रीनंच बांधायचा, असा ताराचंदनं नियम केला आहे. माझ्यावर त्याचा तेवढा भरवसा.

आणि प्रत्येक नव्या खेळाडूला तो पहिल्या दिवशी आपला कापलेला पाय दाखवतो. सांगतो, हे माझ्या चुकीनं झालं. मिस्त्रीनं पट्टा बांधून दिला होता, खेळाच्या जोशात माझाच हात लागला. पट्ट्याला हात लावायचा नाही. शेकडो वेळा सांगितलं असेल. मी शेजारी उभा राहून तेलाचा डबा हातात धरतो.

मागच्या वर्षी प्रणाली आली. सतरा वर्षांची, कंबरेखाली तिलाही समजत नाही. ताराचंदनं पाय दाखवला, नेहमीचं सांगितलं. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं, अगदी सरळ. "भाऊ, तुमाले आठवते का, पट्टा ढिला केल्याचा?"

ताराचंद थांबला. डोकं खाजवलं. मला वाटलं, आता. जमीन दुभंगते म्हणतात, ते खोटं आहे. ती अगदी घट्ट राहते.

तो म्हणाला, "आठवत त नाई वो. पन मिस्त्रीनं सांगतला ना. मिस्त्री लबाड कायले बोलन?"

प्रणालीनं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. पटलं तिला. मी तिचे पाय पट्टीवर ठेवले, पट्टा ओढला, दोन बोटं घालून पाहिली. ओरडायच्या आधी बक्कल उघडलं आणि पट्टा पुन्हा पहिल्यापासून बांधला. ती वाट बघत राहिली.

पट्टा बांधला नाही आणि खोटं बोललो — एवढंच असतं तर कदाचित मी हा चौथा कागदही फाडला असता. अजून एक आहे. मघाशी डावाचं सांगताना मी ते गाळलं. तुमच्या लक्षात आलं नसेल, मी सफाईनं गाळलं.

फोटोनंतर मी कडेला उभा राहून डाव पाहत होतो. सातव्या-आठव्या मिनिटाला पाटा डावीकडं ओढतोय हे मला दिसलं. बेअरिंग माझी, ती कशी अडते ते मला माहीत आहे. हे तसं नव्हतं. मी खाली पाहिलं. टाच जमिनीवर होती. पट्टा नडगीवरून घसरून मागं फरफटत होता.

मी पाहिलं. हात वर करायचा होता, बस. काकांनी तिथंच शिट्टी मारली असती. पण हात वर केला असता तर सगळ्यांसमोर कळलं असतं की मी न बांधताच ओरडलो. पाहुणे होते. शेठ होते. नुकताच फोटो निघाला होता. मी मनात म्हणालो, बारा मिनिटांनी मध्यंतर आहे, तेव्हा गुपचूप बांधून टाकू.

त्या बारा मिनिटांत ताराचंदनं दोन गोल केले. दोन्ही वेळा कडेला माझ्यासमोर येऊन त्यानं काठी उंचावली. मी टाळ्या वाजवल्या.

त्याच्या पायांचे डोळे मी होतो. ते उघडे होते.

तो फोटो मिलच्या ऑफिसात अजून लागलेला आहे. मी हसतो आहे. मागं ताराचंदचा पाटा आहे, आणि बारकाईनं पाहिलं तर पट्ट्याचं टोक लोंबकळताना दिसतं. इतक्या वर्षांत कोणी बारकाईनं पाहिलं नाही.

छापलेलं काहीही ताराचंद वाचतो. पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचतो. तुम्ही हे छापलंत तर हेही वाचेल.

ताराचंद, मी बांधला नव्हता. तुझा हात लागला नव्हता.